भरमूअण्णाच्या नावापुढचा आकडा

भरमू चौगुल्याला गावात थोरली माणसं 'डायवर' म्हणत, धाकटी 'भरमूअण्णा' म्हणत आणि पाठीमागं सगळेच 'न्यूटल' म्हणत. उतार लागला की गाडी न्यूटलला टाकायची आणि इंजनाला विसावा द्यायचा, ही त्याची एकतीस वर्षांची खोड. बेळगाव-निपाणी मार्गावर त्यानं महामंडळाची लाल बस इतकी वर्षं हाकली, की तवंदीच्या घाटातला कुठला दगड कवा हलला तेही तो सांगत असे. बुटका माणूस, मान आखूड, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. जेवायला बसला तरी उजवा पाय जरा पुढं, ताटाखाली आक्सिलेटर असल्यागत.

त्याच्या डेपोत फाटकाजवळ एक काळा फळा होता. त्यावर डायव्हरांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढं एक आकडा. एका लिटर डिझेलात त्याची बस किती किलोमीटर गेली, त्याचा. डेपोत त्याला केएमपीएल म्हणत. शिकलेला असो नसो, हे चार अक्षरी नाव प्रत्येक डायव्हरच्या तोंडी असायचं. आणि डेपोत एक रिवाज होता, कुठल्याच कागदावर नसलेला. महिनाअखेरीला ज्याचा आकडा तळाला, त्यानं फाटकात उभं राहून आपलं नाव, आपला आकडा आणि तो का पडला ते मोठ्यानं सांगायचं. बाकीचे हसायचे, मग कुणीतरी त्याला चहा पाजायचा, झालं. भरमू एकतीस वर्षांत एकदाही तळाला गेला नाही. फाटकातल्या माणसाला हसायला मात्र तो पहिल्या रांगेत असायचा. हे त्यानंच आम्हाला सांगितलेलं, आणि सांगताना परत हसलेला.

रिटायर झाल्यावर चार वर्षं त्याच्या हाताला स्टेरिंग नव्हतं. म्हशीच्या दाव्याला धरून चालताना बघितलं तरी वाटायचं, ह्यो वळणावर हॉर्न देणार. मग गेल्या दिवाळीला त्याचा मुलगा आदर्श रजेवर आला. आदर्श मिलिटरीत, तेव्हा पठाणकोटला. त्याची बायको ऋतिका मच्छ्याच्या इंडस्ट्रीत एका कारखान्यात नोकरीला. यंत्रावर कातलेले पार्ट मापात आहेत की नाहीत ते बघायचं तिचं काम. गावापासून मच्छे सोळा किलोमीटर, आणि बसचा भरवसा नाही. म्हणून नवराबायकोनं मिळून एक छोटी पांढरी गाडी घेतली. पेट्रोलवरची.

गाडी दारात आली त्या दिवसापासून भरमू पुन्हा डायव्हर झाला. गाडीला रोज पाणी, रोज फडकं. त्याची बायको नागुबाई शेजारच्या बायकांना सांगायची, "गाडीला रोज अंघूळ, म्हशीला म्हयन्यातनं एकडाव, आनी मला तर कवा इचारलं बी न्हाई."

आमच्या गावात दूध डेअरीच्या दाराशी एक फळा आहे. कुणाचं दूध किती फॅटचं, ते त्यावर लिहितात. भरमूनं डेअरीचा सेक्रेटरी मारुतीराव याच्याकडून त्या फळ्याचा एक कोपरा मागून घेतला, आणि तिथं गाडीचा आकडा लिहायला सुरुवात केली. रीत अगदी डेपोची. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, गाडी आठवडाभर चालवायची, परत काठोकाठ भरायची. जितकं पेट्रोल बसलं तितक्यानं किलोमीटरला भागायचं. पहिल्या आठवड्याला त्यानं लिहिलं, 'आदर्श – २०.६'. संध्याकाळी दूध घालायला आलेले सगळे त्या आकड्याकडं म्हशीच्या फॅटपेक्षा जास्त वेळ बघत बसले.

"अण्णा, तुमी चालवलासा तर किती जाईल?" मारुतीरावानं विचारलं.

"मी?" भरमू म्हणाला. "बावीसच्या खाली आली तर मिशी काढतो."

मिशी त्याला नव्हतीच. पण बोलला ते सगळ्यांनी ऐकलं.

आदर्शची रजा संपली, तो गेला, आणि गाडी ऋतिकाच्या हातात आली. सकाळी आठची तिची पाळी. आमच्याकडं खानापूरच्या रानाचं धुकं मार्गशीर्षात अंगणात उतरतं, काच पुसावी तरी पांढरीच. भरमू पहाटेच उठायचा. सुनेला गार गाडी द्यायची नाही म्हणून ती निघायच्या आधी गाडी चालू करायचा, उदबत्ती ओवाळायचा, मग पडवीत बसून चहा घ्यायचा. गाडी आपली अंगणात घुरघुरत उभी. चहा झाला, चूळ भरून झाली, की म्हणायचा, "जा आता. गरम झालीया." संध्याकाळी ती आली, की बॅटरी भरावी म्हणून परत एकदा तसंच. शिवाय गाडीवर त्यानं एक लोखंडी कॅरियर बसवून घेतला. बसच्या टपागत वर सामानाची जागा नसलेली गाडी त्याला बोडकी वाटायची.

ऋतिकाच्या हातातला पहिला आकडा आला, पंधरा. पुढचा आला, तेरा पूर्णांक दोन.

त्या संध्याकाळी मी डेअरीत होतो. पुढचं मी ऐकीव सांगत नाही.

भरमूनं खडू घेतला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'ऋतिका – १३.२'. नव्या सुनेचं नाव सासऱ्यानं चार माणसांत मोठ्यानं घेऊ नये अशी आमच्याकडची वळणं, आणि यानं ते फळ्यावर लिहिलं. फॅट कमी आलेल्या म्हशीच्या खाली. त्याच्या मनात वाईट नव्हतं. डेपोत डायव्हरचं नाव लिहायचं असतं, इतकंच त्याला ठाऊक. डायव्हर कोण? ऋतिका. मग नाव तिचं.

मारुतीराव चष्मा वर करून म्हणाला, "तेरा? अण्णा, डिक्कीत रेडा बांधून पाठवतासा काय?"

"तुमची गाडी दारू प्याया लागली म्हणा की," कुणीतरी म्हणालं.

भरमूला ते लागलं. त्याचं आख्खं आयुष्य त्या आकड्यावर उभं होतं. तो खडू हातात धरूनच वळला आणि डेपोतल्या साहेबागत समजावून सांगायला लागला. "ह्ये बघा. गाडी नवी. रस्ता तोच. आदर्शच्या हातात ईस, हिच्या हातात तेरा. किलोमीटर पडत न्हाईत आनी पेट्रोल जळतंय. त्येचा अर्थ येकच. गाडी हुब्या हुब्या चालू असती."

हिशेब बरोबर होता. एकतीस वर्षांचा माणूस, चुकेल कसा.

"कुटं हुबी असती?" जोतिबानं विचारलं. जोतिबा म्हणजे वरच्या आळीचा, रिकामी घागर घेऊन आला तरी दोन तास बसणारा.

"त्ये मला काय म्हाईत," भरमू म्हणाला.

या चार शब्दांनी सगळं केलं. जोतिबानं कॅनवर बोटानं टकटक केली आणि म्हणाला, "एसी लावून बसत आसंल की. नवरा तकडं थंडीत, बायको हकडं एसीत."

"येकटीच बसती म्हणतोस?" मागनं आवाज आला.

हसं पिकलं. मीही हसलो. माझ्या गुडघ्यांत दुधाचं कॅन होतं, त्याचं झाकण वाजलं इतकं हसलो. भरमू हसला नाही. पण "गप रं" असंही म्हणाला नाही. हाताचा खडू झटकला, टोपी सारखी केली आणि निघून गेला. त्याला बोलायला जागा होती, वेळ होता. आमच्यातल्या कुणी बोलला असता तरी चाललं असतं. ते नाव आणि त्याच्याभोवतीचं हसू तसंच फळ्यावर ठेवून आम्ही आपापली कॅनं घेऊन घरी गेलो.

डेअरी रस्त्यावरच आहे. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ऋतिकानं गाडी बाजूला घेतली, उतरली, आपलं नाव वाचलं. दारात दोन बायका होत्या. त्यांनी काय ते तिला सांगितलं. कारण आमच्याकडं अशी गोष्ट ज्याची त्याला पोचवल्याशिवाय कुणाला घास उतरत नाही.

घरी येऊन तिनं गाडीची चावी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि सासूला म्हणाली, "आत्ती, उद्यापास्नं मी बसनं जाते."

भरमू पडवीतनं म्हणाला, "का गं? गाडी हाय की दारात."

"असूदे मामा. तुमच्या नजरंम्होरं असूदे. म्हंजे कुटं हुबी हाय ती दिसंल तुमास्नी."

आवाज चढलेला नव्हता. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं ती बोलली आणि आत गेली. नागुबाई नवऱ्याकडं बघत राहिली. त्यानं उठून गाडीच्या काचेवरची नसलेली धूळ पुसली.

मग आम्ही रोज सकाळी बघायला लागलो. गाडी अंगणात, आणि सून डबा काखेत मारून बसथांब्यावर. बस कधी साडेसहाला, कधी सातला. आत पाय ठेवायला जागा नाही. एकदा तर ती दारातल्या दांडीला धरून गेली. थांब्यावर तिच्याशी आधी बोलणाऱ्या बायका आता जरा लांब उभ्या राहायच्या. कुणी काही म्हणत नव्हतं, पण ती आली की बोलणं बंद पडायचं. कारखान्यात दुसऱ्या गावच्या मुलीनं तिला विचारलं म्हणे, तुझी गाडी काढून घेतली काय घरच्यांनी? हे ती घरी बोलली नाही. नागुबाईला बाहेरनं कळलं.

इकडं भरमूचा नेम चुकला नाही. पहाटे गाडी चालू, उदबत्ती, चहा.

"आता कुणासाठी?" नागुबाई म्हणाली.

"इंजन गारठतंय."

"माणसं गारठल्यात घरात. त्येंचं बघा."

दिवसातनं एकदा तो गाडी घेऊन गावात नाहीतर खानापूरच्या बाजूला जायचा. चार किलोमीटर जा, चार ये. नऊ-दहा दिवस असे गेले, आणि तो पंपावर टाकी भरायला गेला. मनात त्याच्या असं, की आता गाडी माझ्या एकट्याच्या हातात आहे, आता आकडा वीसच्या वर जाणार, आणि मग बघणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं.

पेट्रोल बसलं, त्यानं पावतीच्या मागं भागाकार केला. नऊ पूर्णांक सहा. परत केला. नऊ पूर्णांक सहा. तिसऱ्यांदा पंपावरच्या पोरीला मोबाईलवर करायला लावला. ती म्हणाली, "नऊ पॉइंट सहा, काका. ट्रॅक्टर हाय काय?"

पंपावरनं येताना डेअरीसमोरनंच यावं लागतं. मारुतीरावानं आतनं खडू उंचावला. "अण्णा, आकडा?"

"आजून टाकी फुल केली न्हाई," भरमू म्हणाला आणि पुढं गेला.

आकड्याच्या बाबतीत हा माणूस जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला. पावती खिशात. फळ्यावर अजून 'ऋतिका – १३.२', फॅटचे आकडे पुसायच्या ओल्या फडक्यानं कडेनं पुसट झालेलं, पण वाचता येणारं. त्यानं ते बघितलं आणि बघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी निपाणीला नेली. तिथं कलगोंडा राहतो. हा डेपोतला मेकॅनिक, जैनाचा, दोघं बरोबरीनं नोकरीला लागलेले आणि बरोबरीनं सुटलेले. आता एका जुन्या तंबाखूच्या वखारीमागं त्याचं गॅरेज आहे. कलगोंडाचे हात काळे आणि जीभ त्याहून.

भरमूनं आकडा सांगितला, पण कुणाच्या हातातला ते सांगितलं नाही. कलगोंडानं दप्तर उघडावं तसं बॉनेट उघडलं. हवेची जाळी काढून उजेडात धरली. चांगली. प्लग बघितले. चांगले. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं, ब्रेक कुठं घासतोय का ते ऐकलं. नाही. मग टायरात हवा मोजली.

"बत्तीस पायजे, चोवीस हाय. चारी चाकं उपाशी, भरम्या. उपाशी बैल वडंल काय?"

"बसच्या टायरला आसं काय व्हायचं न्हाई."

"बसचं नाव काढू नगो. आनी डोस्क्यावर ही खाट कशाला घेतल्यास?"

"कॅरियर हाय त्यो. सामान ठेवाय."

"काय ठेवलास आजपत्तर?"

भरमूनं आठवून बघितलं. "आजून काय न्हाई."

"म्हंजे वारं वाहून नेतोस नुसतं. घाट कसा उतरलास?"

"न्यूटलला. कसा उतरणार?"

कलगोंडानं फडकं खांद्यावर टाकलं. "आयक. ही नव्या तऱ्हेची गाडी. गेरमधी ठेवून पाय काढलास की उताराला तिचं पेट्रोल आपसूक बंद हुतंय. न्यूटलला टाकलास की इंजन जित्तं ठेवाय तिला प्यावंच लागतंय. एकतीस वर्सं बसमधी काय केलास ते बसपाशी ऱ्हाऊदे."

लोकांनी ज्या गोष्टीवरनं त्याला नाव दिलं, ती गोष्ट या छोट्या गाडीत उलटी होती.

"पर एवढ्यानं नऊवर येत न्हाई," कलगोंडा स्वतःशीच म्हणाला. "चौदा-पंधरावर येईल. नऊ कशानं?" त्याला काही सुचेना. दिवस मावळायच्या आत त्याला जेवायचं असतं, त्यामुळं त्यानं हवा भरून दिली आणि म्हणाला, "जा आता. आठ दिवस चालवून बघ, आनी फोन कर."

भरमूनं गाडी चालू केली. खाली उतरला. टपरीवरनं दोन चहा सांगितले, आपला घेतला, बाकावर बसला.

कलगोंडानं हात धुतले. चहा घेतला. गाडी घुरघुरतेय. त्यानं दुकानाचं एक फळकुट लावलं, दुसरं लावलं. गाडी घुरघुरतेय.

"जा की," तो म्हणाला.

"जातो की."

"मग कशाची वाट बघालायस?"

भरमूनं गाडीकडं बघितलं. सवयीनं त्याची नजर स्टेरिंगच्या मागं, डाव्या बाजूला गेली. बसमध्ये तिथं हवेचा काटा असतो. बसचा ब्रेक हवेवर चालतो. रात्रभर उभ्या बसची हवा उतरलेली असते, म्हणून सकाळी इंजन चालू करायचं आणि काटा वर चढेस्तोवर थांबायचं. त्या वेळात डायव्हर चहा घेतो. एकतीस वर्षं, रोज सकाळी.

कलगोंडा त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. "भरम्या, तू हवा भरालायस व्हय रं?"

भरमूची नजर अजून स्टेरिंगच्या मागंच.

"हिला हवेचा ब्रेक न्हाई. हिला काटाच न्हाई. तू कशाची वाट बघालायस?"

"इंजन गरम..."

"अर्धं मिनिट लई झालं तिला. चालवता चालवता गरम हुती. घरात पण आसंच करतोस?"

"सकाळी करतो. सुनंला गरम गाडी मिळावी म्हणून."

"किती येळ?"

"च्या हुईपत्तर. ईस मिनटं म्हण."

"आनी सांजचं?"

"सांजचं बी."

कलगोंडानं वाकून चावी फिरवली. गाडी बंद झाली. वखारीमागं एकदम शांत झालं. भरमूच्या हातात कप तसाच. 'गाडी हुब्या हुब्या चालू असती.' स्वतःचंच वाक्य त्याला आठवलं, डेअरीतल्या हशासकट. कुटं हुबी असती? त्याच्याच अंगणात, त्याच्याच डोळ्यांपुढं, उदबत्ती लावून.

कलगोंडानं त्याचं तोंड बघितलं. "सुनंला काय बोलला न्हाईस न्हवं?"

भरमूनं कपातली साय बोटानं बाजूला केली.

"बोर्डावर लिवलास?"

भरमूनं चहा खाली ठेवला.

"लिवलास," कलगोंडा म्हणाला. "तुला तेवढंच येतंय. फाटकातल्या माणसाला हसाय पयला तूच असायचास. माझ्या भावाला बी हसला हुतास. त्यो आठ दिवस डेपोत जेवला न्हवता." आणि त्यानं शेवटचं फळकुट लावलं.

परतीच्या वाटेवर भरमूला काय वाटलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि मी लिहिणार नाही. त्याला एक वाट मोकळी होती. पहाटे गाडी चालू करायची बंद करायची, कॅरियर काढायचा, आणि आकडा वर आला की म्हणायचं, कलगोंडानं काहीतरी दुरुस्त केलं. कुणाला काही कळलं नसतं. आठवडाभर कुणी विचारलं नसतं, मग विसरले असते. विसरली नसती ती एकटी ऋतिका.

त्या संध्याकाळी डेअरी टाळून तो शेताकडच्या लांबच्या वाटेनं घरी गेला. म्हणजे तेवढी पळवाट त्यानं घेतली. दुसऱ्या संध्याकाळी, दूध घालायची गर्दी असताना, डेअरीत आला. कॅन नव्हतं, नुसतेच हात. ओलं फडकं उचललं आणि ऋतिकाचं नाव पुसलं. नीट पुसलं, कोरडं होऊ दिलं. मग खडूनं लिहिलं, 'भरमू – ९.६'.

मारुतीराव म्हणाला, "अण्णा, नाव चुकालं की."

"न्हाई चुकालं."

तो फळ्याला पाठ लावून उभा राहिला. हात मांडीला चिकटलेले. डेपोतलं फाटक आम्ही कुणी बघितलं नव्हतं, पण त्या दिवशी बघितलं.

"भरमू चौगुले," तो म्हणाला. "नऊ पॉइंट सहा. सकाळ-सांज ईस ईस मिनटं माझ्या अंगणात गाडी हुबी चालू ठेवत हुतो. बसची सवय. टायरात हवा कमी. वर कॅरियर. चूक माझी. सुनंच्या हातनं येक थेंब वाया गेल्याला न्हाई. आनी त्या दिवशी हितं जे बोललं ग्येलं..." इथं त्याचा हात टोपीकडं गेला आणि परत मांडीला आला. "त्ये मी आयकून घेतलं. बोलायला पायजे हुतं. न्हाई बोललो."

डेपोत इथं हसायचे आणि मग चहा पाजायचे. आमच्यात कुणी हसलं नाही, चहाही कुणी काढला नाही. जोतिबा कॅनच्या कडीशी खेळत होता. मी माझ्या दुधात काय पडलंय ते बघत होतो. काही पडलेलं नव्हतं.

"लिटर किती, मारुतीराव?" शेवटी कुणीतरी विचारलं, आणि मापं परत वाजायला लागली. भरमू तिथंच उभा होता, कारण बस यायची वेळ झाली होती.

डेअरीसमोरच्या थांब्यावर बस आली. ऋतिका उतरली. डबा काखेत, केस विस्कटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. तिनं सासऱ्याला बघितलं, मग फळा बघितला. बराच वेळ बघितला. माप तपासायचीच तिची नोकरी.

"टायरात हवा किती केलासा?" तिनं विचारलं.

"बत्तीस."

"कॅरियर पण काढा."

"सकाळीच काढला." मग तो म्हणाला, "तुला ठावं हुतं व्हय गं?"

"पयल्या दिवसापास्नं."

"मग सांगायचं न्हाईस?"

"मी सांगून तुमी आयकला असता काय, मामा? एकतीस वर्सांच्या डायवरला मी सांगायचं गाडी कशी चालू करायची?" तिनं डबा दुसऱ्या काखेत घेतला. "आनी मी सांगायच्या आधी तुमीच सांगितलासा की. सगळ्या गावाला."

ती चालायला लागली. भरमू तिच्यामागनं गेला, पाच-सहा पावलं अंतर ठेवून. थांब्यावरच्या बायकांनी वाट दिली.

तिनं लगेच चावी घेतली, असं काही झालं नाही. आणखी बारा दिवस ती बसनंच गेली. भरमू पहाटे उठायचा, पडवीत बसायचा, चहा घ्यायचा, गाडीकडं बघायचा आणि हात लावायचा नाही. नागुबाई म्हणायची, "आता हवा कुणात भरावी कळंना झालंय."

तेराव्या दिवशी ऋतिकानं खिळ्यावरची चावी काढली. गाडीत बसली, पट्टा लावला, चालू केली. भरमू दारात उभा. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"मामा, बसा," ती आतनं म्हणाली. "मच्छ्यापत्तर. येताना तुमी बसनं या."

तो धोतराचा सोगा सावरत बाजूच्या सीटवर बसला. बसल्या बसल्या गाडी अंगणातनं बाहेर पडली. धुकं होतं. ती हळू चालली होती, वरचा गेर टाकत, उगीच घाई नाही, उगीच ब्रेक नाही. रेल्वेच्या फाटकाला लोंढ्याकडनं येणारी गाडी होती, तर तिनं इंजन बंद केलं. आगीनगाडी गेली, तिनं परत चालू केलं. भरमू हे सगळं बघत होता.

डेअरीवरनं जाताना त्यानं मान खाली घातली होती. फळ्यावर त्याचं नाव तसंच आहे. मारुतीराव पुसायला निघाला होता, भरमूनं पुसू दिलं नाही. फडक्यानं पुसट झालं की तोच येऊन गिरवतो. जोतिबा तो असेपर्यंत डेअरीत येत नाही. मी येतो, पण त्या कोपऱ्याकडं बघत नाही.

पुढं मोठा उतार लागतो, नाल्याच्या पुलापर्यंत. तिथं ऋतिकानं पाय काढला. गाडी गेरमध्येच, आपल्या ओझ्यानं उतरायला लागली. भरमूचा उजवा हात मांडीवरनं उठला आणि आपसूक गेरच्या दांड्याकडं गेला.

"मामा," ती समोर बघतच म्हणाली. "हात."

त्यानं हात मागं घेतला. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि मच्छे येईपर्यंत तसाच बसून राहिला.